कृतज्ञ मृतांची मैफल

एक जुनी लोककथा आहे. युरोपात आणि पश्चिम आशियात ती वेगवेगळ्या रूपांत सांगितली जाते. एक तरुण प्रवासाला निघालेला असतो. वाटेत एका गावाच्या वेशीवर त्याला एक मैत बेवारशी पडलेलं दिसतं. मेलेला माणूस कर्जबाजारी होता आणि कर्ज फिटल्याशिवाय त्याला माती देऊ द्यायची नाही, म्हणून सावकार अडून बसलेले असतात. हा तरुण कनवटीचे होते नव्हते तेवढे पैसे मोजून त्या अनोळखी माणसाचं कर्ज फेडतो, त्याला मूठमाती देतो आणि रिकाम्या हातानं पुढं निघतो. पुढच्या वाटेवर त्याला एक सोबती भेटतो. एकेका संकटातून तो सोबती त्याला सोडवतो आणि शेवटी निरोप घेताना सांगतो, ज्याला तू माती दिलीस तो मीच.

आमच्याकडे जनाजाच्या वेळी घरातला कर्ता माणूस उभा राहून विचारतो, मरणाऱ्याकडे कुणाचं काही देणं असेल तर आम्हाला सांगा, आम्ही फेडू. त्यामुळं ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती परकी वाटलीच नाही. लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी या जातीच्या कथांना इंग्रजीत एक नाव दिलं आहे, 'ग्रेटफुल डेड', म्हणजे कृतज्ञ मृत. १९६५ सालच्या अखेरीस कॅलिफोर्नियात जेरी गार्सिया नावाच्या तेवीस वर्षांच्या गिटारवादकानं मित्राच्या घरी एक शब्दकोश सहज उघडला आणि त्याची नजर नेमकी या दोन शब्दांवर पडली. त्याच्या बँडला नाव हवं होतं. असलं अभद्र नाव कोण ठेवील, असं काहींना तेव्हा वाटलं. पण ते टिकलं, तब्बल तीस वर्षं. आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते या बँडविषयी.

मराठीत कविता लिहिणाऱ्या माणसानं अमेरिकन रॉक बँडवर बोलावं याचं तुम्हाला नवल वाटेल. माझं इंग्रजी बेताचं आणि गिटारचं ज्ञान त्याहून बेताचं. पण १९९३-९४च्या सुमारास, मी नुकताच बी.ए. झालो होतो तेव्हा, मस्कतला नोकरी करणारा माझा चुलतभाऊ ईदला घरी आला. त्यानं एक कॅसेट आणली होती. कंपनीचं छापील कव्हर नाही, कुणा गायकाचा फोटो नाही. निळ्या शाईनं हातानं लिहिलेली एक तारीख, एका गावाचं नाव आणि खाली गाण्यांची यादी. त्याच्या बरोबरच्या एका अमेरिकन माणसानं ती दिली होती आणि देताना एकच अट घातली होती : हिच्या हव्या तेवढ्या नकला कर, पण विकू नकोस.

मी ती लावली. पहिली काही मिनिटं कुणीतरी तारा जुळवतंय, श्रोत्यांत कुणी खोकतंय, कुणी हसतंय. मग गाणं सुरू झालं आणि गाण्याच्या मधोमध शब्द संपले. वाद्यं मात्र थांबेनात. दहा मिनिटं झाली, बारा झाली. आपण रस्ता चुकलो की काय असं ऐकणाऱ्याला वाटावं आणि तेवढ्यात अगदी अलगद ते मूळ चालीवर परत यावेत. मी मिरजेचा. दर्ग्याच्या उरुसात रात्र रात्र गाणं ऐकत मोठा झालेला. गायक समेवर येताना सगळ्या मंडपाचा श्वास एकदम सुटतो, तो आवाज मला ओळखीचा होता. त्या कॅसेटमध्ये हजारो अमेरिकन लोकांचा तसाच श्वास सुटलेला मी ऐकला.

आता थोडं मागं जाऊ. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला पालो आल्टो नावाचं गाव आहे. १९६४ साली तिथल्या काही पोरांनी एक घरगुती बँड काढला होता. बरणीत फुंकर मारून, कपडे घासायच्या पत्र्याच्या फळीवर बोटं घासून वाजवतात तसल्या जातीचा. त्यातला गार्सिया बँजो वाजवायचा. लहानपणी लाकडं फोडताना भावाच्या हातून त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट तुटलं होतं. पाच वर्षांचा होता तेव्हा वडील नदीत बुडून गेले. ते स्वतः वादक होते. दुसरा बॉब वीर, तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा. तिसरा रॉन मॅककर्नन, ज्याला सगळे 'पिगपेन' म्हणत.

या पिगपेनशिवाय पुढचं काही घडलं नसतं. त्याचे वडील रेडिओवर काळ्या लोकांचं संगीत वाजवणारे निवेदक होते. ज्या काळात गोऱ्या घरांत ब्लूज फारसं ऐकलं जात नव्हतं त्या काळात हा पोरगा ते पाळण्यापासून ऐकत होता. हार्मोनिका वाजवायचा, जाडाभरडा आवाज लावून गायचा, आणि शब्द संपले की तिथल्या तिथं नवे जुळवायचा. हा बँड विजेच्या वाद्यांवर आणावा, हा आग्रह त्याचाच. म्हणून ग्रेटफुल डेडच्या मुळाशी ब्लूज आहे, गुलामगिरीतून आलेल्या माणसांचं दुःखाचं गाणं. वर कितीही रंगीबेरंगी धूर दिसला तरी जमीन ती आहे.

मग आले फिल लेश आणि बिल क्रॉइट्झमन. लेशची गंमत सांगण्यासारखी आहे. तो आधुनिक पाश्चात्त्य रचनासंगीत शिकलेला, इटालियन रचनाकार लुचानो बेरिओचा विद्यार्थी. बास गिटार त्यानं आयुष्यात हातात धरलेली नव्हती. गार्सिया म्हणाला, तू आमच्यात बास वाजव. यानं होकार दिला आणि मग वाजवायला शिकला. त्यामुळं इतर बासवाले जसे मागं राहून ठेका सांभाळतात तसं त्यानं कधी केलंच नाही. तो गार्सियाच्या गिटारीशी बरोबरीनं बोलत राहिला. १९६७मध्ये मिकी हार्ट हा दुसरा ढोलवादक आला आणि जुळणी पुरी झाली.

त्या दिवसांतल्या एलएसडीबद्दल बोललं पाहिजे, टाळून चालणार नाही. लेखक केन कीसीच्या पार्ट्यांना हा बँड वाजवायचा आणि तिथं ते द्रव्य सरबतात मिसळून वाटलं जायचं. कॅलिफोर्नियात ते ऑक्टोबर १९६६पर्यंत बेकायदेशीर नव्हतं. त्या धुंदीतून त्यांना एक गोष्ट मिळाली असं ते स्वतः सांगत. आपण कार्यक्रम करायला आलो आहोत हे विसरून वाजवायची मोकळीक. पण त्या काळाभोवती पुढं जी गोड गोड दंतकथा विणली गेली ती मला मान्य नाही. पिगपेन तर त्या द्रव्याच्या वाटेलाही जात नसे. त्याची संगत दारूशी. तो १९७३च्या मार्चमध्ये यकृत निकामी होऊन, अंतर्गत रक्तस्रावानं गेला. वय सत्तावीस. त्याच्या नंतर की-बोर्डच्या स्टुलावर बसलेल्यांपैकी कीथ गॉडशो बँड सोडल्यावर १९८०मध्ये मोटार अपघातात गेला, ब्रेंट मिडलंड १९९०मध्ये अमली पदार्थाच्या अतिसेवनानं, आणि विन्स वेल्निकनं २००६मध्ये स्वतःला संपवलं. बँडच्या नावातला 'मृत' हा शब्द नुसता शब्दकोशातला राहिला नाही.

मला या बँडकडं खरं ओढून नेलं ते मात्र रंगमंचावर न दिसणाऱ्या माणसानं. रॉबर्ट हंटर. हा कवी. गार्सियाचा तरुणपणचा दोस्त, दोघंही तेव्हा इतके कफल्लक की मोडक्या गाड्यांत झोपायचे. हंटर १९६७ साली न्यू मेक्सिकोत असताना त्यानं काही कविता पाकिटात घालून टपालानं गार्सियाला पाठवल्या. बँडनं त्यांना चाली लावल्या आणि निरोप धाडला, तू इकडंच ये. तो आला आणि बँडचा सदस्य झाला. वाजवायचं नाही, गायचं नाही, फक्त लिहायचं, आणि तरीही सदस्य! १९९४ साली अमेरिकेतल्या रॉक संगीताच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये या बँडचा समावेश झाला तेव्हा हंटरचं नाव वादकांच्या बरोबरीनं घेतलं गेलं. (गार्सिया त्या समारंभाला गेला नाही. त्याच्या जागी त्याचा पुठ्ठ्याचा पुतळा उभा केला होता.) आपल्याकडं गीतकाराचं नाव आकाशवाणीनं तरी निष्ठेनं सांगितलं. इतरत्र त्याची काय अवस्था असते हे मी काय सांगावं.

हंटरचं लिखाण रिल्केच्या अंगानं जाणारं. पुढं त्यानं रिल्केच्या 'डुइनो एलिजीज'चा इंग्रजी अनुवादही केला, तो १९८७मध्ये आला. पण बँडसाठी लिहिताना त्याच्या लेखणीतून उतरले ते जुगारी, खाणकामगार, आगगाडीवाले, फासावर चाललेले चोर, पुरात घर गेलेले शेतकरी. जणू शंभर वर्षांपूर्वीची लोकगीतं कुणीतरी नुकतीच उकरून काढली असावीत. १९७० साली लंडनमध्ये एका दुपारी, एका बैठकीत, त्यानं तीन गाणी लिहिली. ती तिन्ही पन्नास वर्षांनंतरही गायली जात होती. अशी दुपार कुठल्याही कवीला आयुष्यात एकदा मिळाली तरी पुरे.

त्याच वर्षी लेशनं त्याला एक चाल आणून दिली. शब्द नव्हते. लेशचे वडील कर्करोगानं शेवटच्या टप्प्यात होते आणि त्यांच्यासाठी म्हणता येईल असं काहीतरी मुलाला हवं होतं. हंटरनं ध्वनिफीत लावली आणि ती ऐकताना शब्द जवळजवळ त्याच वेगानं उतरत गेले. गाण्याचं नाव 'बॉक्स ऑफ रेन'. लेश वडिलांना भेटायला मोटारीनं जायचा तेव्हा वाटेत ते गाणं म्हणून म्हणून बसवायचा. या गाण्याकडं मी पुन्हा येणार आहे, तेवढं लक्षात ठेवा.

१९७०च्या 'वर्किंगमन्स डेड' आणि 'अमेरिकन ब्यूटी' या दोन ध्वनिमुद्रिका म्हणजे या बँडचं छापील पुस्तक म्हणा हवं तर. पण डेडच्या लोकांना स्टुडिओ कधी मानवला नाही. त्यांचं गाणं कार्यक्रमात घडायचं. तीस वर्षांत सुमारे तेवीसशे कार्यक्रम, आणि आज काय वाजवायचं याची यादी आधी केलेली नसे. पूर्वार्धात सुटी गाणी. उत्तरार्धात एका गाण्यातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, मध्येच दोन ढोलवाल्यांची जुगलबंदी, मग सूर-ताल दोन्ही सोडून दिलेला एक पोकळ प्रदेश, आणि तिथून पुन्हा गाण्याकडं येणं. कव्वालीत कव्वाल मूळ कलाम सोडून गिरह बांधायला निघतो आणि भलत्याच शायराच्या शेरावरून फिरून मुखड्यावर येतो, त्याची आठवण व्हावी. कधी कधी जमायचं नाही. साफ फसलेले, कंटाळवाणे कार्यक्रमही त्यांनी खूप केले, आणि हे त्यांच्या चाहत्यांइतकं उघड कुणी सांगत नाही. रोज जमणार याची हमी ज्या गाण्यात असते ते मला थोडं संशयास्पद वाटतं, हे माझं मत.

तालाच्या बाबतीत आपला थेट संबंध येतो. मिकी हार्ट मुंबईच्या उस्ताद अल्लारखांच्या तबल्यानं वेडा झाला. त्यांना भेटला, त्यांच्याकडं शिकला. रॉक संगीत म्हणजे चार मात्रा, फार तर तीन. हार्टनं बँडला सात, दहा, अकरा मात्रांत वाजवायला लावलं. 'द इलेव्हन' हे त्यांचं गाणं अकरा मात्रांचं आहे आणि त्याचं नावच मुळी अकरा. वीरचं 'प्लेइंग इन द बँड' दहा मात्रांचं. झपताल मोजत ते ऐकायला माझ्यासारख्याला मजा येते, तुकडे वेगळे पडतात, पण मात्रा दहाच. पुढं अल्लारखांचे चिरंजीव झाकिर हुसेन, आपल्या माहीमचा मुलगा, कॅलिफोर्नियात उस्ताद अली अकबर खाँच्या विद्यालयात शिकवू लागले. त्यांनी विद्यार्थ्यांचा जो तालवाद्यवृंद उभा केला त्यातून 'डिगा रिदम बँड' निघाला. १९७६मध्ये त्याची ध्वनिमुद्रिका आली आणि तीत गार्सियाही वाजवतो. हार्ट आणि झाकिरभाई यांचं 'प्लॅनेट ड्रम' १९९१चं. जागतिक संगीताचा ग्रॅमी पुरस्कार १९९२मध्ये नव्यानं सुरू झाला तो पहिला या ध्वनिमुद्रिकेला मिळाला. ती मैत्री पन्नास वर्षांची.

आता जरा यंत्रांविषयी, कारण या माणसांनी ध्वनीसाठी जे केलं ते वेडेपणाच्या सीमेवरचं आहे. त्या काळी मोठ्या मैदानात मागच्या माणसाला नुसता गलका ऐकू यायचा. ओस्ली स्टॅन्ली हा त्यांचा ध्वनितंत्रज्ञ. एलएसडी बनवणारा म्हणून तो बदनाम होता, पण कान तयार. त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७४मध्ये एक भिंत उभी केली. 'वॉल ऑफ साउंड' असंच तिला म्हणत. सुमारे सहाशे स्पीकर, वजन पंचाहत्तर टनांच्या घरात, आणि ही भिंत वादकांच्या समोर नव्हे तर पाठीमागं. प्रत्येक वाद्याचे स्पीकर वेगळे. लेशच्या बासच्या चार तारांचे आवाजसुद्धा चार वेगवेगळ्या ठिकाणांहून यायचे. म्हणजे श्रोत्याला जे ऐकू येई तेच वादकाला. मग मागून येणारा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून शिट्टी का वाजत नसे? तर प्रत्येक गायकासमोर दोन माइक एकाखाली एक लावलेले, आणि त्यांची जोडणी एकमेकांच्या उलट. भिंतीचा आवाज दोन्हींत सारखा शिरायचा आणि परस्पर खोडला जायचा. गायक तोंड लावायचा फक्त वरच्या माइकला, तेवढाच आवाज उरायचा. शाळेतल्या विज्ञानाच्या वहीत बसेल इतकी साधी युक्ती!

पण ही भिंत बांधायला, उतरवायला, पुढच्या गावी न्यायला माणसं आणि ट्रक किती लागत. एका गावात ती वाजत असताना दुसऱ्या गावात दुसरा सांगाडा उभा राहायचा. मिळकत त्यातच जाऊ लागली. ऑक्टोबर १९७४मध्ये बँडनं थांबायचं ठरवलं आणि भिंत कायमची मोडली. पुढचा मोठा दौरा १९७६मध्ये.

आणि नकला. सुरुवातीपासून काही श्रोते सोबत टेपरेकॉर्डर घेऊन यायचे. ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या भाषेत ही चोरी. डेडनं त्यांना हाकललं नाही. उलट १९८४च्या ऑक्टोबरपासून त्यांच्यासाठी प्रेक्षागृहात वेगळी जागा ठेवली, वेगळी तिकिटं काढली. नियम तोच, जो मला मस्कतहून आलेल्या कॅसेटबरोबर कळला होता : अदलाबदल करा, विक्री नको. गार्सियाचं म्हणणं असं की आमचं वाजवून झालं, आता ते लोकांचं. दुसरे गीतकार जॉन पेरी बार्लो पुढं इंटरनेटच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या संस्थेचे एक संस्थापक झाले, ते उगीच नव्हे. यातून त्यांचं नुकसान झालं का? तिकिटं घ्यायला लोकांची रीघ लागली. पण आधी हिशेब करून त्यांनी हे केलं नव्हतं, एवढं मला पुरतं.

सप्टेंबर १९७८मध्ये ते इजिप्तला गेले. गिझाच्या पिरॅमिडच्या पायथ्याशी, स्फिंक्सच्या बाजूला, १४, १५ आणि १६ तारखेला तीन रात्री वाजवलं. उत्पन्न तिथल्याच कामांसाठी दिलं. तेव्हा राष्ट्राध्यक्ष सादात अमेरिकेत कॅम्प डेव्हिडला शांततेची बोलणी करत होते, करार झाला तो १७ तारखेला. शेवटच्या रात्री चंद्रग्रहण होतं. क्रॉइट्झमनचा मनगटाशी हात मोडलेला, एका हातानं वाजवत होता. पियानो बेसूर. कार्यक्रम तांत्रिकदृष्ट्या इतके फसले की ध्वनिमुद्रिका काढायचा बेत रद्द झाला. ती निघाली तीस वर्षांनी, २००८मध्ये.

पण त्या रात्रींत एक माणूस होता, हमझा अल दीन. तो नाईलकाठच्या नूबियातला, तोश्का गावचा, ऊद वाजवणारा. आस्वानच्या मोठ्या धरणात नूबियातली गावं बुडणार हे कळल्यावर हा माणूस गावोगाव फिरला, लोकांना काय येऊ घातलंय ते सांगत आणि त्यांची गाणी गोळा करत. गावं बुडाली. त्याचंही बुडालं. कोयना-उजनीच्या काठच्या लोकांना याहून जास्त सांगायला नको. तर गिझाला हमझा आणि त्याचे नूबियन साथीदार डफासारखा 'तार' वाजवत, टाळ्यांच्या ठेक्यावर गात मंचावर आले. आणि डेडचे वादक एकेक करून, पाहुण्याच्या घरात शिरावं तसे हळूच त्या टाळ्यांत शिरले. त्या ध्वनिमुद्रणात बुडालेल्या गावाचं गाणं आणि अमेरिकेतल्या पोरांची विजेची गिटार यांची सांधेजोड कुठं होते ते शोधायचा मी अनेकदा प्रयत्न केला आहे. कळत नाही.

इथवरची गोष्ट सुखाची. पुढची तशी नाही, आणि मला खरं बोलायचंय ते तिच्याविषयी.

गार्सिया हेरॉइनच्या आहारी गेला होता. जुलै १९८६मध्ये मधुमेहानं तो कोसळला आणि पाच दिवस बेशुद्ध होता. शुद्धीवर आला तेव्हा गिटार विसरलेला. मर्ल सॉंडर्स या जुन्या साथीदारानं रोज येऊन, लहान मुलाला गिरवायला बसवावं तसं, त्याला पुन्हा वाजवायला शिकवलं. १५ डिसेंबरला तो ओकलंडमध्ये मंचावर आला आणि पहिलंच गाणं म्हटलं 'टच ऑफ ग्रे', पिकू लागलेल्या केसांचं आणि तरीही तगून राहण्याचं. हंटरनं ते लिहिलं होतं सहाएक वर्षांपूर्वी, वेगळ्याच मनःस्थितीत. पण त्या रात्री त्याचा अर्थ बदलला आणि पुन्हा पूर्वीचा झाला नाही. दुसऱ्या वर्षी ते गाणं अमेरिकेच्या यादीत नवव्या क्रमांकावर गेलं. बावीस वर्षांत पहिल्या दहात पोचलेलं त्यांचं हे पहिलं गाणं आणि शेवटचंही.

घात तिथं झाला. आता मैदानंच्या मैदानं भरू लागली. आत जितके लोक तितकेच बाहेर वाहनतळावर, तिकिटाविना. बँडवर शेकडो घरं अवलंबून. दौरा थांबवावा तर त्यांचं काय? गार्सिया थकला होता, शब्द विसरत होता, सूर सुटत होता. हजारोंच्या डोळ्यांसमोर एक माणूस विझत होता आणि ते हजारो लोक, त्याच्यावर जीव टाकणारे, पुढच्या गावच्या तिकिटासाठी रांगेत उभे होते. मी मुशायऱ्यांत वयोवृद्ध शायरांना पाहिलं आहे. धाप लागलेली असते, आणि मंडपातून 'मुकर्रर, मुकर्रर' थांबत नाही. ओरडणाऱ्यांच्या प्रेमात खोट नसते. पण सावकारही खोटं मागत नव्हता. त्याचं येणंच होतं. गाणाऱ्याकडं आपलं काय येणं असतं, आणि किती दिवस, हे कुणी ठरवायचं? चाहत्यांपैकी काहींनी तेव्हाही हा प्रश्न विचारला होता. गर्दीत तो ऐकू गेला नाही.

२ जुलै १९९५. इंडियाना राज्यातल्या डीअर क्रीकच्या नाट्यगृहाचं कुंपण तोडून हजारो लोक बिनतिकीट आत घुसले आणि आतले काहीजण त्यांना टाळ्या वाजवून साथ देत होते. गार्सियाला ठार मारण्याची धमकी आलेली, म्हणून प्रेक्षागृहातले दिवे चालू ठेवून बँडनं त्या रात्री वाजवलं. दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम रद्द झाला. ९ जुलैला शिकागोच्या सोल्जर फील्डवर दौऱ्याचा शेवट होता. गार्सियानं आपलं शेवटचं गाणं म्हटलं आणि कार्यक्रम तिथंच संपू शकला असता. पण लेशनं आणखी एक गाणं सुरू केलं, वडिलांच्या मरणासमयी बसवलेलं 'बॉक्स ऑफ रेन'. हे आपलं शेवटचं, हे मंचावर कुणाला ठाऊक नव्हतं.

९ ऑगस्टला व्यसनमुक्ती केंद्रात झोपेत त्याचं हृदय थांबलं. त्रेपन्न वर्षं पुरी होऊन आठ दिवस झाले होते. मी आज त्याहून मोठा आहे. दुसऱ्या वर्षी, ४ एप्रिल १९९६ रोजी, त्याच्या अस्थींचा काही भाग वीर आणि गार्सियाच्या पत्नीनं ऋषिकेशला गंगेत सोडला. उरलेला सॅन फ्रान्सिस्कोच्या समुद्रात.

ग्रेटफुल डेड हे नाव बाकीच्यांनी १९९५मध्येच मिटवलं. त्यानंतर वेगवेगळ्या नावांनी ते वाजवत राहिले. २०१५च्या जुलैत त्याच शिकागोच्या मैदानावर चौघांनी निरोपाचे कार्यक्रम केले. ऑगस्ट २०२५मध्ये, साठ वर्षं झाली म्हणून, वीर आणि हार्ट सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये 'डेड अँड कंपनी'बरोबर तीन दिवस वाजवून गेले. हंटर २०१९मध्ये गेला. लेश २०२४च्या ऑक्टोबरात, त्यानंतर दोन महिन्यांच्या आत आपले झाकिरभाई, आणि २०२६च्या जानेवारीत वीर.

कुणाला ऐकावंसं वाटलं तर कुठून सुरुवात करावी? 'अमेरिकन ब्यूटी'पासून करा, ती गाणी कुणालाही आवडतील. मग ८ मे १९७७ची कॉर्नेल विद्यापीठातली मैफल ऐका. मे महिन्यात तिथं बर्फ पडत होतं. बेटी कँटर-जॅक्सन या ध्वनिमुद्रण करणाऱ्या बाईंनी ती टिपली. पुढं बेटीबाई बँडपासून दुरावल्या, दिवस कठीण आले, आणि त्यांची शेकडो रिळं भाड्याच्या गोदामात पडून राहिली. भाडं थकलं. गोदामवाल्यानं १९८६मध्ये माल लिलावात काढला. ज्यांनी तो घेतला आणि ज्यांनी पुढं ती भिजलेली, बुरशी धरलेली रिळं एकेक करून साफ केली ते बहुतेक बेटीबाईंना अनोळखी होते. त्यांनी नकला करून त्या देशभर फुकट वाटल्या. कॉर्नेलची ती रात्र आता अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत आहे.